गट क्रमांक चौदा

अक्कलकोट रोडच्या शेडमध्ये माग खडखडतात
आणि माझ्या टेबलावरचा चहा सायीसकट थरथरतो.
एकोणतीस मार्च. पंखा गरम हवाच इकडून तिकडे करतो.
कोंड्याल शेठ म्हणतात, "नागमणी,
सवलतीचा रिपोर्ट उद्या सकाळी. एका पानात."

एका पानात.

नियम तसा सरळ आहे:
शंभर डझन टॉवेलांवर पाच टक्के,
तीनशेवर आठ,
शंभराच्या आत कोरा भाव.
एवढंच असतं तर मी पाचला घरी असते,
साखर पेठेत, आईच्या विड्या मोजत.

पण आधी अपवाद बघायचे, मग गट, मग नियम.
हे कुणी शिकवलं नाही.
गेल्या वर्षी लातूरच्या एका गिऱ्हाइकाला
दोन्हीकडून सवलत लागली, साडेएकोणीस टक्के,
त्याने पेढे पाठवले, तेव्हा कळलं.

अपवादांच्या यादीत तेवीस नावं.
बावीस जणांपुढे मुदत आहे.
एकीपुढे नाही:
दस्तगीरबी शेख, मंगळवार बाजार, साडेअकरा टक्के.
पासून: १९९४. पर्यंत: रिकामं.
रिकाम्या तारखेशी तुलना केली की प्रोग्राम
हो म्हणत नाही, नाही म्हणत नाही,
ओळच गाळून टाकतो.
तीन वर्षं ही बाई रिपोर्टातून गळत होती,
बेरीज चारशे बारा रुपयांनी हुकत होती,
आणि मी ते 'किरकोळ फरक'मध्ये ढकलत होते.

हत्तरकी दिवाणजींना विचारलं.
त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, जुन्या खतावणीतलं पान काढलं.
मोठ्या शेठचं पेन्सिलीतलं अक्षर, अर्धं तेलुगूत:
हिला विचारू नये.
"का?"
"मी पण नाही विचारलं," म्हणाले,
आणि तंबाखू मळायला लागले.

मी लिहिलं: तारीख रिकामी असेल तर चालू समज.

राहिला गट चौदा.
बार्शीचे बुरगुटे, तिघे भाऊ, तीन दुकानं,
मिळून तीनशे वीस डझन, तिघांनाही आठ टक्के.
दिवाळीनंतर थोरले स्वतः आले होते, टोपी हातात.
"आमचं वेगळं झालंय. कागदावर पण करा."
केलं. गट पुसायला काय, एक बटण.
आता थोरले एकशे साठ, पाच टक्के.
मधले एकशे दहा, पाच.
धाकटे पन्नास. शून्य.

परवा धाकट्यांचं बिल पहिल्यांदा कोऱ्या भावाने गेलं.
आज थोरल्यांचा फोन. मागांच्या आवाजात नीट ऐकू येईना.
"बाई, बिलं वेगळीच ठेवा.
आम्ही बोलत नाही एकमेकांशी, ते हाय तसंच हाय.
पण डझन तेवढे एकत्र मोजा की.
आणि त्याला सांगू नका मी फोन केला म्हणून."

असं आमच्या सॉफ्टवेअरमध्ये बसत नाही.
गट असतो, नाहीतर नसतो.
रात्री नऊपर्यंत बसून एक नवा रकाना केला:
मोजणीपुरते एकत्र.
छापताना दिसत नाही.

सकाळी शेठनी पानावरून बोट फिरवत आणलं, थांबवलं.
"पन्नास डझनांवर आठ टक्के? हा कोण?"
"अपवाद," मी म्हटलं.
त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग टेबलावर पेन्सिल शोधली,
मिळाली नाही,
पेनानेच खूण केली.