एकशे त्रेचाळीस

दुपारी दोनला वजनकाटा थांबतो.
संत्र्याच्या शेडमध्ये तणसावर पाय पसरून
आम्ही डबे उघडतो,
आणि मी कादंबरी.
वरूडच्या वाचनालयाची. आत माझ्याआधी तीन सह्या,
तिन्ही पुरुषांच्या.

कादंबरीतली विभावरी एकटी राहते,
डोंगरावरच्या गावात टेलिफोन जोडून देते.
एक विधुर डॉक्टर तिला रीतसर मागणी घालतो,
आणि एक आवाज, बायकोवाला,
रात्री साडेनऊला ट्रंककॉल लावून
तिच्याशीच बोलत राहतो.

"डॉक्टर काय वाईट होता वो?" द्रौपदा म्हणते,
"पक्कं घर, फिरिज, सासू मेलेली."
"पन थो विचारते कसा, पाह्य ना," बेबीनंदा,
"जशी म्हैस घेते. दात तेवढे मोजाचे राह्यले."
"अन् आवाज? आवाजाले भाकर वाढता येते काय?"
"न वाढाचंच तं सुख हाय, माय."
हसता हसता पंचफुलाला ठसका लागतो.

काल मी एक पान गाळलं.
घरी रात्री वाचून ठेवते मी आधी,
पण ते मोठ्याने म्हणायला तोंड उघडेना.

गुंफाबाईला अक्षर येत नाही.
न बघता हात फिरवून मोठं फळ, बारकं फळ वेगळं करते.
ती म्हणाली, "मधातलं काही पडलं, बाई.
परवा थे त्याची वाट पाहे,
आज सरळ वायर उपटते.
अशी कोनी उपटत नाई."

मग ते पान त्यांनीच रचलं.
द्रौपदाने बायकोला एसटीनं आणून भांडण लावलं.
बेबीनंदाने आवाजालाच मारून टाकलं.
"तिले दिवस गेले असतीन," पंचफुला हळूच.
गुंफाबाई फोडीवरचे दोरे काढत होती.
"काही नाई झालं.
थे त्याच्या गावाले गेली, फाटकातून पाह्यलं.
थो झाडाले पानी देत होता, लुंगीवर.
चांगला मानूस होता.
वापस येताना तिले भूक लागली."

एकशे त्रेचाळीसवर लुंगी नाही, पायजमा आहे.
बाकी तेच.

आठ वर्षांपूर्वी मी घर सोडून आले तेव्हा
सगळ्यांनी विचारलं, मारत होता का? पीत होता का?
नाही म्हटलं
की पुढचं कोणी ऐकत नसे.

काटा पुन्हा लागला. क्रेट सरकले.
गुंफाबाईने सोललेली फोड माझ्या हातावर ठेवली,
"उद्या तेवढं वाचजो."