आकार सारखाच

भुसावळ, मे महिना, दुपारचे साडेतीन.
कूलरच्या वाळ्यावर तांब्याभर पाणी मारून
फालककाका म्हणतात, "पोरी, हे मशीन
आता मालगाडीसारखं निघतं.
बटण दाबतो, अंघोळ उरकून येतो,
तरी ते गोल गोल फिरतच असतं."

मी झाकण उघडते.
आत पाच उन्हाळ्यांची धूळ
आणि पंख्याच्या पात्याला कापसाचा पुंजका,
कुठल्या वावरातून उडत आला कोण जाणे.
ब्लोअर लावते. काका बाहीत शिंकतात,
मग मान तिरकी करून ऐकतात:
"बेअरिंग कोरडंय."
चौतीस वर्षं लोकोशेडात काढलेला माणूस.
शिलाई मशीनच्या तेलाचा एकच थेंब
काडीच्या टोकावरून सोडतात
आणि पंखा गप्प.
यासाठी माझ्याकडे कुठलंच सॉफ्टवेअर नव्हतं.

बाकीचं सगळं पेनड्राइव्हवर आहे.
मशीन उठलं की सोबत उठणारे सतरा जण:
केव्हाच भंगारात गेलेला प्रिंटर,
जावयानं टाकलेलं बुद्धिबळ,
तीन अँटिव्हायरस, एकमेकांवर संशय घेणारे.
एकेकासमोरची खूण काढते.
न बोलावता पंगतीला बसलेले,
उठवलं तरी कुणी रुसत नाही.

टेम्पररी फायली, नऊ जीबी.
"टेम्पररी म्हणजे?"
"हंगामी, काका."
"हंगामीच मुक्काम ठोकतात. शेडात पण तेच होतं."

मग सारख्या फायली हुडकणारा छोटा प्रोग्राम.
त्याला सापडते 'शब्द' नावाची फाइल,
अकरा ठिकाणी.
रिटायर झाल्यापासून एका बोटानं टाइप केलेले
लेवा बोलीतले शब्द, समोर अर्थ.
प्रोग्राम विचारतो:
नाव सारखं, आकार सारखाच.
नवीन ठेवू, जुन्या दहा पुसू?

माझं बोट माउसवर.
"उघड ना जरा," काका म्हणतात.

नव्या फायलीत, पानंच्या पानं:
केळी म्हणजे केळी.
काळा म्हणजे काळा.
विहीर म्हणजे विहीर.

काका काही बोलत नाहीत.
कधीतरी, कुणी न सांगता,
स्पेलिंग तपासणाऱ्यानं सगळं शुद्ध करून ठेवलेलं,
अक्षराला अक्षर, जागेला जागा,
एक बाइटही इकडचा तिकडे न करता.

एकेक उघडत जाते. दुसरी तशीच. सहावी तशीच.
अकरावी 'जुनं टाकायचं' नावाच्या फोल्डरात.
तिच्यात केयी. काया. डोया. येहेर.

ती आधी पेनड्राइव्हवर घेते.
मग सेटिंगमध्ये तळाशी एक चौकोन असतो,
आजवर कुणाच्याच घरी मी लावला नव्हता:
आतला मजकूर ताडून पाहा (वेळ लागेल).
त्याच्यावर खूण करते.
न जाणो, अजून कुठल्या फायलीत काय काय
सारखं दिसत बसलंय.

पट्टी सरकते. चार टक्के.
काका चष्मा पुसून मोठ्यानं वाचतात, डोया. येहेर.
मी तिसरीत असताना
ळ च्या जागी य आला म्हणून
तळहातावर दोन पट्ट्या खाल्ल्या होत्या.
आता गिऱ्हाइकांशी फोनवर बोलते
तेव्हा एकाही शब्दाखाली लाल रेघ येत नाही.

पाच टक्के.
आतून कुमुदकाकू विचारतात,
झाला का फास्ट?
"चालू दे त्याले," काका म्हणतात,
"हयू चालू दे."