मागणीनुसार

पार्कसाइटच्या उतारावर, हुजैफाच्या झेरॉक्सच्या दुकानात
मी स्टुलावर बसलोय
आणि तो विचारतोय, काका, पुस्तक कुठे कुठे विकायचं?

आधीचे प्रश्न सोपे होते.
कागद पांढरा की सायीच्या रंगाचा? सायीचा.
कव्हर चकचकीत की मॅट? मॅट. बोटं उमटत नाहीत.
पानं एकशे बावन्न. कण्याची जाडी यंत्रानंच काढली:
नऊ मिलिमीटर.
एकतीस वर्षं पालिकेच्या पाण्याच्या चाव्या फिरवल्या,
त्याची जाडी नऊ मिलिमीटर.

"आता प्रती छापून ठेवायच्या नसतात," तो म्हणतो,
"कुणी मागितली की छापतात. एकच.
परस्पर त्याच्या घरी जाते."
म्हणजे कुणी मागेपर्यंत पुस्तक नाहीच?
"फाइल आहे ना!"

मला हसू येतं.
आमच्या खात्यात मागणीनुसार असं काही नव्हतं.
चार-चाळीसला वर्षानगरची चावी,
बावीस आटे डावीकडे,
सहा-दहाला बंद. मग कुणाला तहान लागो, न लागो.

घाडीनं मात्र पाचशे छापल्या होत्या,
पीएफवर कर्ज काढून.
मुंबईतल्या बुजवलेल्या विहिरींवरच्या कविता.
साठेक वाटल्या.
उरलेल्या गठ्ठ्यांवर त्याचा फ्रीज उभा आहे.
वहिनी म्हणतात, बरं झालं, आता वाकावं लागत नाही.
घाडी काही म्हणत नाही. पाणी हवं असलं
तरी माठातलं पितो.

हुजैफा स्क्रीन माझ्याकडे वळवतो.
दोन गोल, एक निवडा.
फक्त त्यांच्याच दुकानात विकलं तर प्रतीमागे सत्तेचाळीस रुपये.
सगळीकडे, म्हणजे इतर दुकानं, वाचनालयं, परगावचे विक्रेते,
तर नऊ.
"नऊ रुपयांत कटिंग येत नाही, काका. पहिला घ्या."
त्याखाली बारीक अक्षरात:
दुकानदारानं प्रत परत केली तर भुर्दंड लेखकाला. मान्य की अमान्य?

सगळीकडे म्हणजे कुठवर?
"यादी आहे मोठी. पोचतं का, ते नाही सांगता येत."

हे मला माहीत आहे.
लाइन संपते तिथे दाब आधीच संपलेला असतो.
खालच्यांनी मोटारी लावलेल्या,
आणि टेकडीवरच्या शेवटच्या घरात
करंगळीएवढी धार, तीही थांबत थांबत.
तिथली बाई हंड्याला कान लावून बसायची.
मी तिच्यासाठी दोन आटे जास्त द्यायचो.
बावीसचे चोवीस.
वहीत बावीसच लिहायचो.
पुस्तकातही बावीसच लिहिलेत.

दुसरा गोल, मी सांगतो.
हुजैफा माझ्याकडे बघतो, मग दाबतो.
"आणि परतीचं?"
अमान्य.
सोडलेलं पाणी परत घेतलेलं मी कधी पाहिलं नाही.

एकोणीस दिवस शून्य.
रोज तो दुकानातूनच दोन बोटांनी गोल करून दाखवायचा,
मीही हात हलवून पुढे जायचो, दूध आणायला.

विसाव्या दिवशी: विक्री, एक.
नाव नाही. गाव नाही. फक्त नऊ रुपये,
म्हणजे लांबचंच कुणीतरी.
हुजैफा आईची शपथ घेतो, मी नाही घेतलं.
घाडीला विचारलं. तो म्हणाला, माझ्याकडे कार्ड कुठाय,
आणि फ्रीजकडे पाठ करून बसला.

निवृत्त होऊन सहा वर्षं झाली,
चार-चाळीसला अजून जाग येते.
रात्री आम्ही नळ उघडाच ठेवतो, खाली बादली.
आता ती चावी कोण फिरवतो, माहीत नाही.
आधी पाणी येत नाही.
आधी हवा येते, खोकत, फुरफुरत,
सगळी लाइन चढून आलेली.
मी अंधारात पडून ऐकतो.

मग बादलीचं बूड वाजतं.