टाच

सकाळी पलंगापासून शेगडीपर्यंत अकरा पावलं.
पहिलं काचेवर,
दुसरं त्याच काचेच्या उरलेल्या तुकड्यावर,
सहाव्यापर्यंत मी भिंतीची,
अकराव्याला पुन्हा माझी.

फेब्रुवारीपासून टाच आली आहे माझ्यावर.
बेलिफाने घरात शिरावं,
एकेका वस्तूला चिठ्ठी डकवावी, तशी:
जिना जप्त.
लाल सँडल जप्त.
रविवारची लांब धाव, पुढली तारीख पडेपर्यंत, जप्त.

मे महिन्यात शर्यत आहे.
एकवीस किलोमीटर, आणि वर सत्त्याण्णव मीटर.
एकवीस मी कबूल केले होते.
हा वरताळा कोणी लावला?

गोदामात दिवसभर कॉफीची पोती.
सांतोसची, मोम्बासाची, साठ-साठ किलोंची.
मी पोत्यात नळी खुपसते, मूठभर हिरव्या बिया काढते,
हुंगते, वहीत लिहिते: ओल. बुरशी. निर्दोष.
पायाचा असा नमुना काढता आला असता
तर फुर्लानकडे जावंच लागलं नसतं.

फुर्लान, फिजिओथेरपिस्ट, पोरगेलासा.
विचारतो, एक ते दहामध्ये किती, नीवेसबाई?
मी म्हणते, तीन.
तो टाचेच्या आतल्या कडेला अंगठा रुतवतो.
मी छताकडे बघते. छताला एक ओल आहे.
तो लिहितो, तीन.
लिहिताना हसत नाही, एवढं बरं.
तीन आठवडे धावू नका, म्हणतो.
मी मान हलवते.
मान हलवायला टाच लागत नाही.

झ्देन्का माझ्याबरोबर धावते. अडुसष्ट वर्षांची.
जानेवारीतही समुद्रात उतरते,
धावताना अवाक्षर काढत नाही.
एकदाच, चढावर, म्हणाली:
माझा नवरा, दुखत नाही, दुखत नाही,
म्हणत म्हणतच गेला.
पुढचे चार किलोमीटर फक्त बुटांचे आवाज.

त्या शनिवारी बोरा सुटला होता,
डोंगरावरून त्रिएस्तेवर कोसळणारा वारा.
कोपऱ्यावरच्या स्कूटरी ओळीने आडव्या.
मीरामारेच्या किल्ल्याकडे जाताना तो उजव्या कानात,
येताना डाव्या.

चौदाव्या किलोमीटरला कळ थांबली.
आधी कळलंच नाही.
पलीकडच्या खोलीतलं मूल एकदम गप्प झालं
की आई हातातलं काम टाकून उठते,
तशी मी थांबले.
बूट काढला. मोजा काढला.
टाच पांढरीफटक, कुणा दुसऱ्याची वाटावी अशी.
मग कळ आली.
परत आली म्हणू, की पोचली म्हणू?
चौदा किलोमीटर माझ्या मागून धावत आलेली,
माझ्याहून दमलेली.

भिंतीच्या आडोशाला काँक्रीटवर
एजिदिओ बसला होता, बंदरातला निवृत्त क्रेनवाला,
मार्चच्या उन्हात उघडाबंब,
वर्तमानपत्र उडू नये म्हणून बुडाखाली दाबलेलं.
संत्रं सोलत होता.
जरा सरकला. अर्धं संत्रं माझ्या हातावर ठेवलं.
किती झाले?
चौदा.
आणि राहिले?
सत्त्याण्णव, मी म्हणाले. का, ते माहीत नाही.

झ्देन्काने आपला मफलर माझ्या पायाला गुंडाळला.
सहा नंबरच्या बसने आलो. तिकिटं तिने काढली.

सोमवारी फुर्लानला सांगितलं: सात.
कधी आठ.
रात्री शून्य, म्हणून खोटं बोलायला सोपं जातं.
त्याने जुना तीन खोडला नाही,
पुढे स्वल्पविराम देऊन सात लिहिलं.

आता संध्याकाळी टेबलाखाली
बर्फ झालेली पाण्याची बाटली तळव्याखाली फिरवते.
वर गरम सूप, खाली हिवाळा.
शर्यतीचे पैसे परत मिळत नाहीत.
मी मागितलेही नाहीत.

आज सकाळी
मोका शेगडीवर ठेवून पलंगाच्या कडेला टेकले होते,
पोटरीला पट्टा लावून ताणत,
आणि तो फसफसाट, तो करपट वास.
मी धावले.
गॅस बंद केला. फडकं घेतलं.
ओटा पुसून झाला, जमीन पुसायला वाकले,
तेव्हा आठवलं
मोजायचं राहिलं.