शब्द कुठे तोडायचा

माझा प्रोग्रॅम एवढंच करतो:
ओळ संपत आली आणि शब्द मावेना
तर तो कुठे तोडायचा, ते सांगतो.
एकाक्षरी शब्द ओळीच्या टोकाला
एकटा सोडायचा नाही, हा आमच्या चेक भाषेचा रिवाज,
तोही पाळतो.
अकराशे ओळी, वीस वर्षं.
कुणीही घ्या, उघडून बघा, बदला, वापरा.
वर माझं नाव आहे. ते कोणी वाचत नाही.

गुरुवारी बिअरच्या दुसऱ्या ग्लासाला हिनेक विचारतो,
"मग तुला मिळतं काय?"
यिह्लावात तो कुलपं बसवतो, तासावर पैसे घेतो.
मी म्हणतो, तुझ्या आईने खसखशीच्या केकची कृती
अख्ख्या गल्लीला दिली, तिला काय मिळालं?
"केक. दर नाताळात सात घरांतून.
त्यातले चार घशाखाली उतरत नाहीत."

मलाही येतात तसले.
परवा एका मोठ्या कंपनीचं पत्र आलं:
तिकिटाची यंत्रं अडकताहेत, दोष तुमचा,
उद्या सकाळपर्यंत दुरुस्त करा.
'कृपया' शोधत मी ते दोनदा वाचलं,
आणि बटाटे सोलायला घेतले.

वरच्या मजल्यावर द्राहोमीराबाई, वय चौऱ्याऐंशी.
त्यांच्या लॅपटॉपवर मी नवी सिस्टीम चढवत होतो, फुकटातली.
"हिच्या आतलं दिसतं?"
दिसतं.
"मला कळणार नाही. पण कोणीतरी बघितलंय ना?"
बघितलंय, म्हणालो.
आणि मनात मोजत बसलो, नक्की किती जणांनी.

गुडघा दुखतो असं त्या बहिणीला फोनवर म्हणाल्या
आणि संध्याकाळी पडद्यावर गुडघ्याचे पट्टे आले,
तीन रंगांत.
हिनेक कुलूप तेलवायला आला होता, तो दारातूनच म्हणाला,
"कर नाही त्याला डर कशाला?"

बाईंनी चहाची किटली खाली ठेवली.
"मी एकोणीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजवर होते.
ज्यांना काही लपवायचं नव्हतं
त्यांचंच ऐकलं मी सगळं.
दाढदुखी, कोबीचा भाव, मावशीचं ऑपरेशन.
वहीत लिहायचं, कोण, कुणाला, किती वाजता.
एकदा एक बाई नुसतीच श्वास घेत राहिली,
पलीकडून तोही. चार मिनिटं.
मी लिहिलं, 'संभाषण नाही.'
दुसऱ्या दिवशी साहेबांनी बोलावून विचारलं,
कशाबद्दल नाही?"

हिनेक तेलाची बाटली हातात घेऊन उभाच.

"तेव्हा ऐकणारी निदान मी होते," त्या म्हणाल्या,
"रस्त्यात ती बाई दिसली की मी पलीकडच्या फुटपाथवर जायचे.
या पट्टेवाल्याला लाज वाटते का रे?"
मी म्हणालो, तो माणूस नाही, बाई.
"तेच म्हणते मी."

रात्री खाली आलो तर
ओस्त्राव्हाहून कुणीतरी सात ओळी पाठवलेल्या.
दोष सापडला होता:
यंत्रात कोणी नाव न घालता पुढे गेलं
की माझ्याकडे रिकामी ओळ यायची
आणि माझा प्रोग्रॅम, वीस वर्षं झाली,
रिकाम्या ओळीतही तोडायला काहीतरी शोधत फिरायचा.
डोळ्यांदेखत होतं. मला दिसलं नव्हतं.

मी लिहिलं, आभार, वर तुमचं नाव घालतो.
उत्तर आलं, नाव नको. 'चिमणा' लिहा.
मुलगा की म्हातारी, ठाऊक नाही.
हिशेबाने मी विचारायला हवं होतं.
नाही विचारलं.

माझ्या नावाखाली आता चिमणा बसलाय.
आणि अकराशे ओळींच्या मधोमध
त्याने स्वतःच्या हाताने लिहिलेली टीप आहे,
तिचं शुद्धलेखन मी सुधारलं नाही:
काही नसेल तीथे
काही करू नकोस.
ओळ आहे तशी परत दे.