भोपळा

रात्री सव्वानऊला प्लेग्रुपच्या बाईंचा मेसेज,
उद्या हॅलोविन, बाळांना वेश करून पाठवा,
खाली तीन भुतं, एक भोपळा
आणि जोडलेले हात.
खडेबाजारातला भाड्याने ड्रेस देणारा
फोनवरच जांभई देत म्हणाला,
पोलीस आहे, कृष्ण आहे,
मोर आहे, पण त्याचं शेपूट धारवाडला गेलंय.

परशरामची रात्रपाळी. भिंतीपलीकडे मागांचं खटाक-खट,
त्या आवाजात ओजस झोपतो,
माग थांबला की उठतो.
दीड वर्षाचा आहे.
आपण कोण, हेच अजून त्याला नीट ठाऊक नाही,
आणि उद्या त्यानं दुसरंच कुणीतरी व्हायचं.

आधी पांढरी चादर घेतली,
डोळ्यांची भोकं पाडणार, तेवढ्यात
नीलव्वा दारात, विरजण मागायला.
"काय करूलायस गं?"
भूत, म्हटलं.
"अय्यो! कूसाला? भूत ब्याड!"
कात्रीच घेतली काढून.
नीलव्वा मराठी बोलते ती शिव्यांपुरती आणि मायेपुरती,
बाकी सगळं कन्नडात.
माझं कन्नडही तेवढंच.

मग फोनमधला भोपळा दाखवला,
दात विचकलेला, पोटात दिवा.
बराच वेळ बघून म्हणाली,
"कुंबळकाई. हे आपलंच की."
खरंच.
खंडेनवमीला मागापुढे फोडतो, कुंकू भरून,
आणि चौकटीला टांगतो तो कोहळा,
वाळून काळा पडेपर्यंत
अख्ख्या गल्लीच्या नजरा गिळत बसलेला.

ट्रंकेतून माझा केशरी परकर निघाला,
त्यावरची साडी केव्हाच बोहारणीला गेली.
कमरेची नाडी गळ्याशी आणली,
सैल, दोन बोटं जातील इतकी.
शिवण दोन्हीकडे उसवली, हातांपुरती,
खालचा अर्धा आत दुमडून टाके घातले,
आणि पोटात मागाच्या दशा, चिंध्या,
फार नको, बसता आलं पाहिजे,
पडला तर पडायलाही बरं.
डोळे नीलव्वानं कातरले,
एक रुपयाएवढा, एक पापडाएवढा.
दात लावलेच नाहीत.
त्याचे स्वतःचे सहा आहेत, तेवढे पुरेत.
हिरव्या टोपड्यावर रिकामी कांडी शिवली उभी,
झालं देठ.

सकाळी परशराम आला, केसांत कापूस,
बघून उंबऱ्यातच बसला.
"ह्यो कोण?"
भोपळा.
"शाळेच्या आधीच?"
म्हणाला, आणि हसता हसता
तिथंच भिंतीला टेकून झोपला.

खासबागच्या कोपऱ्यावर भाजीवालीनं
याला उचलून पाट्यांच्या मधे ठेवलं,
"कसा किलो, बाई?"
ओजसनं शेजारच्या खऱ्या भोपळ्याला
दोन चापट्या मारल्या,
आणि गाल टेकवला त्याच्यावर.
उठायला तयार होईना.

शाळेत भाड्याचा वाघ खाजवून खाजवून रडत होता,
एका परीनं पंख चावून ओले केलेले,
आमचा एकदा बसला तो बसलाच,
शेजारच्या भुताची बिस्किटं खात.
ग्रुपच्या फोटोत तो नाही.
बाईंच्या कोपराखालून
फक्त कांडी दिसते.

संध्याकाळी अंगातून काढू देईना.
नाडीला हात लावला की किंकाळी.
नीलव्वा मीठ-मोहरी, मिरच्या मुठीत घेऊन आली,
दोनदा कन्नडात उतरवली,
तिसऱ्यांदा मला म्हणाली, तुझ्यात म्हण.
आल्यागेल्याची, वाटेच्या वाटसराची, म्हटलं,
भाजीवालीचीही.
मिरच्या चुलीत पडल्या.
ठसका आला नाही कुणालाच.
"लई लागली होती," ती म्हणाली,
आणि वर चौकटीकडे बघितलं,
जरा रागानंच.

पलीकडे माग सुरू झाला.
चिंध्यांचं पोट वरखाली होऊ लागलं,
कांडी कलली.
टाके उसवायला घेतलेली सुई
मी तशीच पदराला टोचून ठेवली.