खोली

सातव्या दिवशी संध्याकाळी तिला थंडी वाजली.
"अशक्तपणा आहे," म्हणाली, चादर ओढून घेतली.
मी मान डोलावली. एकतीस वर्षं भोसरीत लेथवर उभा होतो,
मशीनचा आवाज जरा बदलला तरी झोपेत कळायचं मला.
हे नाही कळलं.

रात्री गाऊनला पिवळा डाग.
रिक्षा, दापोडीचा पूल, कॅज्युअल्टीचा पांढरा दिवा.
डॉक्टर तांबोळींनी तीन टाके कापले
आणि वाटीभर साचलेलं बाहेर आलं.
त्याचा वास अजून नाकात आहे,
सांगू नये, पण आहे.
साखर दोनशे ऐंशी. पू तपासायला गेला,
रिपोर्ट आल्यावर इंजेक्शन बदललं.

मी म्हणालो, "परत शिवून टाका ना."
बाई हसल्या नाहीत.
"वरून मिटली तर आत पुन्हा साचेल.
तळापासून भरू द्यायची. वेळ लागेल."

आता घरी मीच करतो.
सिस्टर लोंढेंनी दोनदा करून दाखवलं,
तिसऱ्यांदा माझा हात धरला.
कोपरापर्यंत हात धुवायचे.
जुना गॉज ओढायचा नाही, भिजवून सोडवायचा.
नवा ठासायचा नाही, नुसता ठेवायचा.
सव्वीस वर्षांत मंदाकिनीचं पोट
मी उजेडात पाहिलं नव्हतं.
आता रोज सकाळी दहाला, खिडकीशी, वर ट्यूबही लावून.
ती भिंतीकडे तोंड करते.

कापसाच्या काडीने मोजतो, पट्टीला लावतो,
कॅलेंडरवर दुधाच्या खाली लिहितो:
दीड लिटर. साडेचार सेंटिमीटर.
शेजारच्या वैजयंताबाईंनी विचारलं, काय मोजता?
म्हटलं, खोली.
त्यांना वाटलं, जागा बघतोय.

काल गॉज सोडवताना ती भिंतीलाच म्हणाली,
"ते पाचव्या महिन्यात गेलं, तेव्हा
तुम्ही सेकंड शिफ्टला गेलात.
डबाही मीच भरून दिला होता."
बावीस वर्षं झाली त्याला.
मी काही बोललो नाही. हातात चिमटा होता.
तळाशी लाल दाणे धरू लागलेत.
डॉक्टर म्हणतात, चांगलं लक्षण,
ताजं मांस आहे, जरा धक्का लागला की रक्त येतं.

"दुखतंय?"
"हो," म्हणाली. एवढ्या दिवसांत पहिल्यांदाच.
मग कितीतरी वेळ मी नुसती
कोमट सलाइनची धार सोडत राहिलो.

आज दूध आलं नाही.
तीन सेंटिमीटर.